डोंगराची ओळख कोणीं सांगावी?



पावसानें धुतलेल्या स्वच्छ दिवशीं कल्याणहून दक्षिणेकडे दृष्टि टाकली, तर मलंगगडाचा सुळका नजरेंत भरतो. कसाऱ्याच्या वाटेनें गाडी आसनगांवापाशीं आली म्हणजे माहुलीचे कडे समोर उभे राहतात. ठाणें शहराला तर येऊरचा डोंगर इतका बिलगून आहे कीं, कित्येकांच्या घरांतील खिडकी उघडली कीं तो आंत डोकावतो. हे डोंगर आपण रोज पाहतों. त्या डोंगरांत राहणारीं माणसें मात्र आपल्याला क्वचित् दिसतात. आणि दिसलीं तरी तीं कोण आहेत हें आपण त्यांना विचारीत नाहीं, आपलें आपणच ठरवून मोकळे होतों. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी ह्या आपल्या शेजाऱ्यांचें स्वत्व कशांत आहे, आणि तें सांगण्याचा अधिकार कोणाचा, ह्या प्रश्नाचा थोडा विचार आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ आपल्याच मुलखाचा आहे असें नाहीं. सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेच्या पूर्व भागांत ॲपलेशियन नांवाची एक लांबच लांब पर्वतश्रेणी आहे. आपल्या सह्याद्रीप्रमाणेंच ती समुद्रकिनाऱ्याला बरीचशी समांतर गेली आहे. तेथील डोंगरकऱ्यांच्या वांट्याला जें आलें, तें आधीं ऐकलें म्हणजे आपल्या घरची गोष्ट अधिक स्पष्ट दिसेल.

१८७३ सालीं तिकडच्या एका मासिकांत ह्या डोंगराळ मुलखाविषयीं एक लेख प्रसिद्ध झाला. 'विलक्षण प्रदेश आणि चमत्कारिक लोक' अशा अर्थाचें त्याचें नांव होतें. पुढें १८९९ सालीं केंटकी प्रांतांतील बरिया कॉलेजचे अध्यक्ष विल्यम फ्रॉस्ट ह्यांनीं आणखी एक लेख लिहिला आणि ह्या लोकांना 'आमचे समकालीन पूर्वज' असें नांव दिलें. फ्रॉस्ट हे त्या लोकांचे हितचिंतक होते, ह्यांत संशय नाहीं. परंतु शब्द कसा निसटला पाहा! जो मनुष्य आज जिवंत आहे, आपल्यासारखाच बाजारहाट करतो, कर्ज काढतो, मुलाबाळांची चिंता वाहतो, त्याला आपण पूर्वज म्हटलें कीं तो आजच्या काळांतून बाद झाला. पूर्वजांना नमस्कार करतात. त्यांचें मत कोणी घेत नाहीं.

त्यानंतर १९१६ ते १९१८ ह्या वर्षांत सेसिल शार्प नांवाचे थोर इंग्रज संगीतज्ञ त्या डोंगरांत हिंडले. इंग्लंडांत विसरल्या गेलेल्या जुन्या गीतकथा तेथील घराघरांतून अद्याप गाइल्या जात होत्या. त्या त्यांनीं श्रमपूर्वक टिपून घेतल्या, आणि हें त्यांचें काम बहुमोल आहे. पण त्यांना जें इंग्रजी हवें होतें, तेंच त्यांनीं प्रामुख्यानें वेंचलें. त्याच डोंगरांत वाजणारा बॅंजो हें मूळचें आफ्रिकेंतून आलेल्या गुलामांचें वाद्य. त्याच डोंगरांत मूळची वस्ती चेरोकी लोकांची, ज्यांच्यांतील बहुतेकांना १८३८ सालीं सक्तीनें पश्चिमेकडे हांकलून देण्यांत आलें, आणि ज्यांच्यांतील थोडे आजहि तेथें टिकून आहेत. ह्या साऱ्यांचें मिळून त्या डोंगराचें स्वत्व घडलेलें. परंतु बाहेरच्या जगाला शुद्ध आणि जुनें असें एक चित्र पाहिजे होतें, आणि त्या चित्रांत ह्यांना जागा नव्हती.

हें चित्र रंगविलें जात असतांना डोंगराच्या पोटांतला कोळसा खालीं जात होता. जमीन शेतकऱ्याची, पण तिच्याखालचें खनिज कंपनीचें, अशीं खरेदीखतें निरक्षर डोंगरकऱ्यांकडून थोडक्या पैशांत करून घेतलेलीं होतीं. त्या कागदांच्या आधारें पुढें नातवांच्या डोळ्यांदेखत शेतें उकरलीं गेलीं. आणि घरमालकाच्या संमतीवांचून असें करतां येऊं नये, अशी घटनादुरुस्ती करावयाला केंटकी प्रांताला १९८८ साल उजाडावें लागलें. ज्यांच्या कोळशावर शहरें उजळलीं, त्यांनाच शहरांतल्या विनोदांत आळशी, अडाणी आणि मारकुटे ठरविण्यांत आलें. एकीकडे पूर्वज म्हणून कौतुक, दुसरीकडे रानटी म्हणून हेटाळणी. दोन्ही चित्रें बाहेरच्यानें काढलेलीं. आणि दोहोंचा परिणाम एकच, कीं तुम्हांला काय पाहिजे, असें त्या माणसाला विचारण्याचें कारणच उरलें नाहीं.

आतां आपल्या डोंगराकडे वळूं या.

१८८२ सालीं मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणें जिल्ह्याचा भाग प्रसिद्ध झाला. त्यांत ह्या जमातींची माहिती आहे, आणि ती आजहि अभ्यासकांना उपयोगी पडते. परंतु ती साहेबाच्या टेबलापलीकडून घेतलेली माहिती आहे. कोणती जात कष्टाळू, कोणती चोरटी, कोणती दारूबाज, असे शेरे मारीत जाण्याची त्या ग्रंथांची रीत होती, आणि ते शेरे पुढें पिढ्यान् पिढ्या आपल्या बोलण्यांत मुरले. इंग्रज गेल्यावर शेरे गेले असें म्हणवत नाहीं. आपलींच विद्वान मंडळी १९४३ सालीं ह्या प्रश्नावर दोन बाजूंना उभी होती. मुंबई विद्यापीठांतील समाजशास्त्राचे प्राध्यापक डॉ. घुर्ये ह्यांनीं हे लोक म्हणजे मागासलेले हिंदूच होत, असें त्या वर्षीच्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें. व्हेरियर एल्विन ह्यांचा भर बाहेरच्या लोंढ्यापासून त्यांचें संरक्षण करण्यावर होता. पुढें राज्यघटना तयार होत असतां 'आदिवासी' हा शब्द घ्यावा, असा आग्रह स्वतः आदिवासी असलेले जयपालसिंग मुंडा ह्यांनीं धरला. परंतु घटनेंत 'अनुसूचित जमाती' हेंच नांव राहिलें. वन्यजाति, गिरिजन, वनवासी अशीं आणखीहि नांवें निघालीं. एका घराच्या दारावर इतक्या पाट्या लागल्या. पण घरधन्याला पाटीचा मजकूर क्वचितच विचारला गेला.

आणि घर तरी एक कोठें आहे? बाहेरून आपण सर्वांना एकाच शब्दांत गुंडाळतों; आंत मात्र ठाकूर वेगळे, कातकरी वेगळे. ठाकुरांतहि क-ठाकूर आणि म-ठाकूर असे दोन वर्ग. त्यांच्या चालीरीतींत आणि बोलण्यांत भेद. कातकऱ्यांतहि सोन आणि ढोर असे भेद. महादेव कोळ्यांना राज्य केल्याची परंपरा आहे. जव्हारचें मुकणे घराणें त्यांच्यांतलेंच, आणि तें संस्थान १९४८ पर्यंत टिकून होतें. बदलापुरांत राहून लक्ष्मण नारायण चापेकर ह्यांनीं ठाकुरांचा वर्षानुवर्षें अभ्यास केला आणि १९६० सालीं 'ठाकुर्स ऑफ द सह्याद्रि' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. वाडीवर जाऊन, बसून, विचारून लिहिलेला असा ग्रंथ हाताशीं असतां आपण मात्र अजून 'ते जंगलांतले लोक' एवढ्यावरच थांबतों.

माणसाचें स्वत्व त्याच्या पोशाखांत किंवा नाचांत तेवढें नसतें. तें त्याच्या हातच्या कामांत आणि पायांखालच्या भूमीशीं असलेल्या नात्यांत असतें. कातकरी हें नांवच पाहा. खैराच्या लाकडाच्या गाभ्याच्या ढलप्या उकळून कात काढणारा, तो कातकरी किंवा काथोडी. आपल्या विड्याला जो रंग चढे, तो त्याच्या भट्टीवरचा. १८७८ सालचा जंगल कायदा आला, रानें राखीव झालीं, खैरावर कुऱ्हाड चालविणें हा गुन्हा ठरला. आणि ज्याच्या नांवांतच त्याचा धंदा होता, त्याच्या हातीं नुसतें नांव उरलें. डोंगरउतारावर भात-नाचणीची रोपें तयार करण्यापूर्वीं पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजावयाची, ह्याला राब म्हणतात. ह्या राबासाठीं झाडांच्या फांद्या तोडाव्या लागत. त्यावरहि निर्बंध आले, आणि ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत इतकी हाकाटी झाली कीं, सरकारला १८८५ सालीं चौकशीसाठीं एक कमिशन नेमावें लागलें. ह्याच दोन जिल्ह्यांसाठीं १८९२ सालीं मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. झाडाखालीं पडलेलें फूल वेंचून घरीं आणून ठेवणें हाहि अपराध! ज्याला आपण चोर म्हणतों, त्याच्या चोरीचा मोठा भाग असा कागदावर निर्माण झालेला आहे.

रान गेलें, तेव्हां सावकाराचें दार उघडलें. लग्नासाठीं पैसे उचलावयाचे आणि ते फेडण्यासाठीं मालकाच्या वाड्यावर वर्षानुवर्षें राबावयाचें. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. १९३९ सालीं सिमिंग्टन नांवाच्या सनदी अधिकाऱ्याचा ह्या विषयावरील सरकारी अहवाल प्रसिद्ध झाला, आणि वेठबिगारीचें तें चित्र सरकारच्याच कागदांत नोंदलें गेलें. पण अहवालानें साखळी तुटत नाहीं. जानेवारी १९४५ मध्यें, कल्याणहून पाऊण तासाच्याहि आंतल्या अंतरावर असलेल्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. उंबरगांव-डहाणूकडचे कांहीं वारली त्या परिषदेला आले होते. तेथून परतल्यावर त्यांच्या मुलखांत जी चळवळ उभी राहिली, तिनें त्याच वर्षीं वेठ आणि लग्नगडी ह्या दोन्ही प्रथांना हादरा दिला. त्या चळवळींत जन्म घालविलेल्या गोदावरी परुळेकर ह्यांनीं 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकांत तिचा वृत्तांत लिहिला आहे. १९७२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला. टिटवाळ्याला आपण चतुर्थीला जातों, महागणपतीचें दर्शन घेतों. त्याच गांवीं वारल्यांनीं दास्याला नकार देण्याचा निश्चय मनांत धरला, हें आपल्यापैकीं कितीजणांना ठाऊक आहे?

अशा आठवणी आपल्या शहरांत आणखीहि आहेत. ठाण्याच्या तुरुंगाच्या भिंतीवरून आपण येतां जातां नजर फिरवितों. त्या तुरुंगांत २ मे १८४८ रोजीं राघोजी भांगरे ह्या महादेव कोळी वीरास फांशी देण्यांत आलें. सावकारशाही आणि तिच्या पाठीशीं उभें असलेलें इंग्रजी राज्य, ह्या दोहोंविरुद्ध त्यानें बंड केलें होतें, आणि तें १८५७ च्या आधीं. उरण तालुक्यांतील चिरनेर येथें २५ सप्टेंबर १९३० रोजीं जंगल सत्याग्रहाच्या वेळीं गोळीबार झाला, आणि त्यांत पडलेल्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी हा तरुण होता. जे लोक इतिहासाच्या बाहेर थबकून राहिलेले पूर्वज म्हणून आपण रंगवितों, ते इतिहासाच्या ऐन मध्यभागीं उभे होते. आपणच त्यांना कडेला सारलें.

भाषेचेंहि तसेंच. ॲपलेशियातील लोकांच्या बोलीला कोणी अडाणी इंग्रजी म्हणत, तर कोणी शेक्सपियरच्या काळचें इंग्रजी म्हणून तिला डोक्यावर घेत. भाषाशास्त्रज्ञांनीं दोन्ही समजुती खोट्या ठरविल्या. ती आजची, आपल्या नियमांनीं चालणारी बोली आहे, एवढेंच खरें. आपल्याकडे ग्रिअर्सन ह्यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या मराठी खंडांत, १९०५ सालीं, ठाकरी, कातकरी आणि वारली ह्या बोलींची नोंद झाली. तरी शाळेच्या उंबऱ्याशीं ठाकराचें मूल आलें कीं त्याच्या तोंडचा पहिलाच शब्द 'अशुद्ध' ठरतो. ज्या मुलाला पहिल्या दिवशीं सांगितलें कीं, तुझ्या आईची बोली चुकीची आहे, तें दुसऱ्या दिवशीं शाळेंत कां येईल? ह्या बाबतींत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनीं १९४५ पासून बोर्डीला आणि पुढें कोसबाडला जें केलें, तें विसरून चालणार नाहीं. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळा कुरणांत न्यावी, अशी कुरणशाळेची कल्पना त्यांनीं प्रत्यक्षांत आणली. मुलाला आपल्या जागीं खेंचण्यापूर्वीं आपण त्याच्या जागीं जावें, ही त्या शाळेमागील बुद्धि. तिचा उपयोग शाळेबाहेरहि करतां येण्यासारखा आहे.

आतां ज्ञानाचा प्रश्न घेऊं. आषाढाच्या सुमारास कल्याण, बदलापूर, ठाणें येथील स्टेशनांबाहेर ठाकूर आणि कातकरी बाया रानभाज्यांचे वांटे लावून बसतात. शेवळें, कुरडू, टाकळा, भारंगी, करटोलीं. शेवळीं ही मोठी चवदार भाजी. परंतु रीत ठाऊक नसतां शिजविली तर घशाला अशी खाज सुटते कीं, खाणारा जन्मभर तिचें नांव घेणार नाहीं. म्हणून तिच्यांत काकड नांवाचें आंबट फळ घालतात. तेंहि ती बाई शेजारींच वांट्यांत मांडून ठेवते. कोणती वनस्पति कोणत्या पंधरवड्यांत कोठें उगवते, तिचा कोणता भाग विषारी, त्यावर उतारा कोणता, आणि पुढील वर्षीं ती पुन्हां यावी म्हणून किती कंद जमिनींतच ठेवावयाचे, हें सारें शास्त्र त्या दोन वांट्यांमागें उभें असतें. आपण तिच्याशीं दोन रुपयांसाठीं घासाघीस करतों, आणि घरीं येऊन आदिवासींना शिक्षण पाहिजे, असें म्हणतों. शिक्षण त्यांना पाहिजेच. पण त्या क्षणीं त्या बाईपुढें अशिक्षित कोण होतें, हाहि प्रश्न मनांत यावयास हरकत नाहीं.

वारल्यांच्या चित्रांचा मान तर आतां जगभर झाला आहे. लग्नाच्या वेळीं घराच्या भिंतीवर गेरू किंवा शेणामातीनें सारवून त्यावर तांदळाच्या पिठानें चौक लिहावयाचा. त्यांत पालघाट देवीची स्थापना करावयाची. आणि लग्न लावावयाचें तें धवलेरीनें, म्हणजे गीतें म्हणून विधि करणाऱ्या स्त्रीनें. चौक लिहिणाऱ्याहि सुवासिनी. म्हणजे चित्र, गीत आणि पौरोहित्य हीं तिन्ही ह्या समाजांत बायकांच्या हातीं. सुमारें १९७० नंतर भास्कर कुलकर्णी प्रभृति कलाप्रेमी मंडळींच्या द्वारें हीं चित्रें भिंतीवरून कागदावर आलीं. जिव्या सोमा म्हसे ह्यांच्या कुंचल्यानें तीं परदेशांत पोंचलीं, आणि त्यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली. हा गौरव सार्थ आहे. त्या चित्रांनीं अनेक घरांत दोन घांस आले, हेंहि खरें. परंतु आज डोंबिवलींतल्या दिवाणखान्याच्या पडद्यावर, चहाच्या पेल्यावर आणि साडीच्या पदरावर तारप्याभोवतीं नाचणाऱ्या त्या आकृति पाहतांना, त्यांतली धवलेरी कोठें गेली, असें विचारावेसें वाटतें. सेसिल शार्प ह्यांनीं गीतें घेतलीं. आपण आकृति घेतल्या. जें भिंतीवर लावण्यासारखें, तें उचललें, आणि जें समजून घ्यावें लागेल, तें तेथेंच ठेवलें.

आणि आपण केवळ चित्रेंच घेतलीं काय? कोळसा नसेल, पण पाणी आहे. मुंबईची तहान भागविण्यासाठीं तानसेचें धरण १८९२ सालीं पुरें झालें. वैतरणेवरील मोडकसागर १९५७ सालीं आला, भातसा नंतर आली, आणि मध्य वैतरणा २०१४ सालीं. हीं सारीं धरणें ठाणें आणि पालघर जिल्ह्यांच्या डोंगरांत आहेत. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत हा सर्व मुलूख एकाच ठाणें जिल्ह्यांत होता. कल्याण-डोंबिवली आणि अंबरनाथ बाजूच्या कारखान्यांना व वसाहतींना बारवी धरणाचें पाणी मिळतें. आणि ह्याच शहापूर तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखांत टँकरची वाट पाहत बाया रांगेनें उभ्या असतात. जलवाहिनी गांवावरून जाते, पाणी गांवांत उतरत नाहीं. पावसाळा संपला कीं कातकऱ्यांचीं कुटुंबें उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर येतात. म्हणजे आपल्या नळाचें पाणी त्यांच्या डोंगराचें, आणि आपल्या भिंतींच्या विटा त्यांच्या हातच्या. वेठबिगार नाहींशी करणारा कायदा १९७६ सालीं झाला. पण उचल फिटेपर्यंत भट्टी सोडतां येत नाहीं, अशी माणसें त्यानंतरहि वेळोवेळीं सोडवून आणावीं लागलीं आहेत.

येथें कोणी म्हणेल, 'तर मग ह्या लोकांनीं आहे तसेंच डोंगरांत राहावें, असें का आपलें म्हणणें?' मुळींच नाहीं. ठाकराच्या मुलानें पाटलोण घातली, तो कल्याणच्या कारखान्यांत कामाला लागला, त्याच्या हातीं मोबाइल आला, म्हणून त्याचें ठाकूरपण संपलें, असें मानणें ही पुन्हां आपलीच जुनी खोड. आपण धोतर सोडलें, पगडी टाकली, लाकडी चूल विझवली, तरी आपलें मराठीपण शाबूत आहे असें आपण समजतों. मग बदलण्याची मुभा केवळ आपल्यालाच कां? दारिद्र्य हा कोणाच्याहि संस्कृतीचा भाग नसतो. कुपोषण म्हणजे परंपरा नव्हे. प्रश्न बदलावें कीं बदलूं नये हा नाहींच. बदलाचा निर्णय कोणीं घ्यावा, हा आहे.

त्या निर्णयाचीं साधनें आज कायद्यानें दिलेलीं आहेत. १९९६ सालच्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेला आपल्या चालीरीति आणि साधनसंपत्ति राखण्याचा अधिकार मान्य केला. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें जंगलावरील वैयक्तिक आणि सामूहिक हक्कांचे दावे ग्रामसभेपासून सुरू व्हावेत, असें ठरविलें. आणि १८७८ नें जें काढून घेतलें, त्याचा थोडा तरी अंश परत देण्याची वाट उघडली. ही वाट सोपी नाहीं. मुरबाड तालुक्यांत काळू नदीवरील धरणाचें काम २०११ सालीं सुरू झालें. त्याला आवश्यक ती वनविषयक परवानगी नव्हती, आणि गांवकऱ्यांच्या लढ्यानंतर २०१२ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानें तें थांबलें. धरण व्हावें कीं होऊं नये, ह्यावर दोन मतें असूं शकतील. वाढत्या शहरांना पाणी लागतें, हें कोण नाकारील? पण ज्याचें घर बुडणार, त्याला शेवटीं न कळवतां आरंभीं विचारावें, ह्यावर दोन मतें होऊं नयेत.

तेव्हां ह्या लोकांचें स्वत्व कशांत आहे? तारप्यांत आहे, कांबड नाचांत आहे, चौकांत आहे, शेवळ्याच्या भाजींत आहे. राघोजी आणि नाग्या ह्यांच्या स्मरणांत आहे. आणि ह्या सर्वांहून अधिक, आपल्या गांवाचें, रानाचें, बोलीचें काय करावयाचें तें आपण ठरविण्याच्या हक्कांत आहे. पहिल्या गोष्टी संग्रहालयांत ठेवतां येतील. शेवटची येणार नाहीं, कारण ती जिवंत माणसालाच वापरतां येते.

आपल्यासारख्या शहरवासीयांनीं ह्यांत काय करावें, असें विचाराल तर मोठ्या उपकाराची कांहींच गरज नाहीं. स्टेशनाबाहेर बसलेल्या त्या बाईच्या मालाला ती सांगेल ती किंमत द्यावी, आणि मावशी, तुमचा गांव कोणता, एवढें विचारावें. आपल्या मुलांच्या शाळेंत राघोजी भांगऱ्याचें नांव घेतलें जातें कीं नाहीं, तें पाहावें. नव्या नळाचें उद्घाटन होईल तेव्हां, हें पाणी कोणत्या गांवावरून आलें आणि त्या गांवाला त्यांतलें किती मिळतें, असा एक प्रश्न सभेंत उभें राहून करावा. आणि डोंगरांतला मनुष्य स्वतःविषयीं बोलूं लागला, तर त्याचें वाक्य मध्येंच तोडून आपण तें पुरें करूं नये. त्याच्या डोंगराचें नांव त्याला ठाऊक आहे. आपण तें त्याच्याच तोंडून ऐकावयास शिकलें पाहिजे.